काय काम काढलंत?

मराठीत एकट्यानं हिंडणाऱ्या पुरुषाला ‘भटक्या’ म्हणतात. त्यात कौतुक असतं. एकटीनं हिंडणाऱ्या बाईसाठी आपल्या भाषेनं उंडगी, भटकभवानी, गावभवानी असे शब्द राखून ठेवले आहेत. त्यांत कौतुक शोधूनही सापडायचं नाही.

मी जुन्नरहून नाणेघाटाकडे स्कूटरवरून जाते. महिन्यातून एकदा तरी, आडवारी. काम नसतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारींची रीघ असते, पण मधल्या वारी सकाळी तो जवळजवळ माझ्या एकटीचाच. आपटाळे मागे पडलं की वर्दळ तुटते. माणिकडोह धरणाचं पाणी कधी दिसतं, कधी दडतं. चावंडचा कातळ जवळ येत राहतो. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, मध्येच ओल्या मातीचा आणि शेणाचा वास. उतारावर वेग आपोआप येतो, ओढणीचं भान राहत नाही, आणि घरातून निघताना डोक्यात चाललेली गॅस-दूध-फीची यादी घाटघरपर्यंत कुठेतरी गळून गेलेली असते. मी मोठ्यानं गाते. बेसूर गाते. ऐकायला कोणी नसतं, हेच तर सुख.

चहाच्या टपरीवर प्रश्न हमखास येतो, “ताई, इकडं काय काम काढलंत?” सूर वाईट नसतो. पण शेजारीच मोटरसायकली लावून बसलेल्या चार पोरांना तो हे विचारत नाही. ‘सहज आले’ हे उत्तर त्याला पुरत नाही. ‘बचत गटाची मीटिंग आहे’ म्हटलं की पुरतं. (वर घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञ आणि दानांची लांबलचक यादी. राणी झाली तरी काम दाखवावंच लागतं!)

पण माझी तक्रार टपरीवाल्यापेक्षा आपल्यावर जास्त आहे. बाईच्या फिरण्याची मागणी आपण नेहमी कामाचा दाखला जोडून केली. मुलीला सायकल हवी, कारण शाळा लांब. एसटी हवी, कारण दवाखाना लांब. रस्त्यावर दिवे हवेत, कारण रात्रपाळी करून परतायचं असतं. या मागण्या रास्तच आहेत. त्यांसाठी मोर्चे काढले, पुन्हा काढू. पण दाखला तपासायचा अधिकार त्यामुळे समोरच्याकडेच राहिला. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि लगेच कानावर आलं, “आता बायका उगाचच हिंडायला लागल्या.” त्यावर आपल्यातल्याच कितीतरी जणींनी खुलासे केले, नाही हो, कामालाच जातात. कशाला हे खुलासे? उगाच हिंडल्या तर कुणाचं काय बिघडलं?

‘हे शिकलेल्या, स्कूटरवाल्या बायांचे चोचले आहेत,’ असं मला आपल्याच एका बैठकीत ऐकवण्यात आलं. तसं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी तमिळनाडूतलं पुदुकोट्टै आठवावं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. लाखाच्या घरात बाया शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत राबणाऱ्या होत्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. टोमणे खाल्ले आणि पुढे गेल्या. पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहिलं, त्यात वाचलेला वेळ आणि वाढलेली मिळकत आहेच, पण नुसता पैशाचा हिशोब मांडू नका, बायांचा आत्मसन्मान बघा, असाही त्यांचा रोख आहे.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? याच नाणेघाटाच्या रस्त्यावर हिरडा विकून परत निघालेल्या एका आजीला मी एकदा मागे बसवलं. तिची वाडी आली, मी थांबले. ती उतरेना. म्हणाली, “आणखी थोडं पुढं ने गं. मी येईन चालत माघारी.” चोचले म्हणणारीनं या आजीला जाऊन विचारावं.

‘काही बरंवाईट झालं तर?’ हा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण त्यावर बाईला घरात ठेवणं हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या करून झाला आहे, आणि घरात काय काय होतं ते आपल्या सल्ला केंद्रांच्या वह्यांत लिहिलेलं आहे.

पुढच्या शिबिरात अर्धा दिवस मोकळा ठेवावा, असं मी सुचवते. सायकली भाड्यानं घेऊ, ज्यांना येत नाही त्यांना शिकवू, आणि कुठल्याही आडरस्त्याला लागू. गटचर्चा नको. अहवालात ‘उद्देश’ असा रकाना असतो, तो कोरा सोडायचा.