कूलर झिणझिण्या देतो तेव्हा

मैत्रिणींनो, नवतपा लागला की आम्हां वऱ्हाडातल्या बायकांचं निम्मं लक्ष स्वयंपाकात आणि निम्मं कूलरच्या टाकीत! गेल्या मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या कूलरनं गार हवा देणंच बंद केलं. पंखा जोरात फिरायचा, पण वारा तापल्या तव्यावरून आल्यासारखा. ह्यांचं म्हणणं, नवाच घेऊन टाकू. मी म्हटलं, आधी उघडून तर पाहू.

प्लग काढून बाजूची ताटी उतरवली तर निम्मी ताटी कोरडी ठणठणीत. आमच्याकडचं पाणी जड. क्षार साचून वरच्या नळीची भोकं बुजली होती. कूलर हवा गार करतो ती पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं म्हणून. ताटीचा जेवढा भाग कोरडा, तेवढ्यातून बाहेरची झळ सरळ घरात! दाभणानं भोकं मोकळी केली, पंपाची जाळी घासली, वुडवूल नवं भरलं. झालं काम. (दारंखिडक्या गच्च लावून कूलर चालवणाऱ्यांनी समोरची एक खिडकी उघडी ठेवावी. दमट हवा बाहेर गेली नाही तर गारवा राहतो बाजूला, नुसती चिकचिक होते.)

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सासूबाई चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होत्या. एकदम हात मागे घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "आजही झिणझिण्या आल्या बघ."

"आजही म्हणजे?"

"आठ दिवस झाले की. म्हटलं, तुमच्यामागे आणखी कटकट कशाला."

माझ्या पोटात धस्स झालं. त्याच कूलरपुढे धाकटी ओल्या फरशीवर अनवाणी बसून खेळत असते.

वायरमनला बोलावलं. टेस्टर पत्र्याला लावताच दिवा लागला! पंपाची वायर जिथून टाकीबाहेर येते तिथे पत्र्याच्या धारेनं तिचं वरचं रबर कापलं होतं. शिवाय मागे कुणीतरी तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग बसवून हिरवी वायर तशीच मुडपून ठेवलेली. ती वायर अर्थिंगची. ती जागेवर असती तर पत्र्यात उतरलेल्या विजेला जमिनीत जायला वाट मिळाली असती. ती नव्हती, म्हणून वाट सासूबाईंच्या अंगातून! हात ओला, पाय ओले, मग तर विजेला रानच मोकळं.

वायरमन म्हणतो, "वहिनी, कूलर म्हटला की एवढं तर होतच राहते." मी म्हटलं, होत राहायला नको आहे, भाऊ. मग त्यानं पंपाला अखंड वायर टाकली, पाण्यात जोड ठेवला नाही. भोकाला रबरी कडं बसवलं, तीन पिनांचा प्लग लावला. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, तेही मी तपासायला लावलं. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घेतला. कुणाला शॉक बसू लागला तर तो क्षणात वीज तोडतो. साध्या एम.सी.बी.चं ते काम नव्हे. तो भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडतो. आपल्या बोर्डात नेमकं काय आहे ते एकदा विचारून घ्या. मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. फायबरचा कूलर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका, पंप त्याचाही पाण्यातच असतो.

पंख्याची मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तिथे मात्र आपण हात घालू नये. वीज बंद असली तरी त्यात काही वेळ भार राहतो.

आणि हो, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून खसखसून घासा, कोरडी होऊ द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

आता आमच्याकडे पाणी भरायच्या आधी सासूबाई प्लग काढून चक्क खांद्यावर टाकतात आणि घरभर ओरडतात, "काढलाय गं!" मी स्वयंपाकघरातून "हो" म्हटल्याशिवाय बादली उचलत नाहीत.