आधी कापू, मग बघू?

“गाठ आहे ना, आधी काढून टाकू. पुढचं मग बघू.” स्तनात गाठ घेऊन गेलेल्या बाईला तालुक्याच्या गावात हे वाक्य अजूनही ऐकावे लागते. घरच्यांना त्याने धीर येतो. मला मात्र धडकी भरते.

सर्जनच्या कौशल्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने एकट्याने निर्णय घेण्याबद्दल आहे. आधी सुईने तुकडा काढून तपासावा, ईआर, पीआर, हर-टू पाहावे, मग उपचारांचा क्रम ठरवावा. गाठ मोठी असेल तर अनेकदा औषध आधी आणि ऑपरेशन नंतर, हेच योग्य ठरते. गाठ आकसते, कधी स्तन वाचतो, औषध लागू पडते का तेही कळते. गाठ आधीच काढली की ही संधी गेली.

केमोचेही तेच. डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस वाढत गेला की हृदयाला धोका असतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आलेल्या तापात काही तास वाया गेले तर जीव जाऊ शकतो. हे ज्याचे रोजचे काम आहे, त्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टच्या हाती केमो असावी.

यात सर्जनचा अपमान कसला? चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत अख्खा स्तन न काढता, फक्त गाठ काढून रेडिएशन दिले तरी स्त्रिया तितक्याच जगतात, हे १९८५ साली अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने दाखवले. फिशर स्वतः सर्जनच होते.

“गावात ऑन्कॉलॉजिस्ट आणायचा कुठून?” प्रश्न खरा आहे. पण रिपोर्ट तर पाठवता येतात! जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तिथे नुसत्या खाटा आणि सलाइन नकोत. उपचार ऑन्कॉलॉजिस्टने आखावेत, लक्षही त्यानेच ठेवावे. इंजेक्शन जिल्ह्यात मिळावे.

वैद्यकीचे ज्ञान नसताना इलाज करणाऱ्याला इस्लामी फिक्ह नुकसानीबद्दल जबाबदार धरते. मग स्वतःच्या ज्ञानाची हद्द ओलांडणाऱ्या जाणकाराला सूट का असावी? रुग्ण ही अमानत आहे.

आणि आपणही “अल्लाहची मर्जी” म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारू या: बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे? आधी ऑपरेशन की आधी औषध, हे कोणी कोणी मिळून ठरवले?