पांढरा बैल कसा रंगवावा?

नवशिक्या मुलाच्या चित्रवहीत बहुधा दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य आणि नारळाचे झाड आढळते. लातूर जिल्ह्यातील देवणीच्या मुलानेही तेच गिरवावे, हे योग्य नव्हे. त्याच्या गावाचे नाव धारण करणारा देवणी बैल त्याने आधी न्याहाळावा.

या जातीत तीन प्रकार आहेत : बालंक्या जवळजवळ सर्वांगी पांढरा, वानेरा पांढरा पण तोंडाच्या बाजूंस काळा, आणि शेवरा पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांचा. हा भेद न पाहता काढलेला बैल कोणत्याच गावचा नसतो.

प्रथम पेन्सिलीने फिकट बाह्यरेषा काढावी. जलरंगात पांढरा रंग लावण्याची घाई करू नये. कोरा ठेवलेला कागद हाच बैलाचा शुभ्रपणा होय. पोटाखालची सावली पातळ निळसर छटेने दाखवावी. ती वाळल्यावरच काळे ठिपके भरावेत. ओलसर कागदावर रंग पसरतो. नेहमी फिकटाकडून गडदाकडे जावे, कारण गडद झालेला भाग पुन्हा उजळणे कठीण असते.

कोणी म्हणेल, नक्कल करूनही हात वळतो. हात वळतो खरा. पण डोळ्याला वळण लागत नाही. कागद कोठे कोरा ठेवावा, हे समोर उभा असलेला बैलच शिकवतो.