ज्ञानाचे सावकार आणि गावचा ग्रंथपाल

कर्जत तालुक्याने सावकारी फार जवळून पाहिली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर धान्य उसने आणावे आणि सुगीला आपल्याच खळ्यावरचे धान्य दीडदुपटीने सावकाराच्या घरी पोचते करावे, हा शेतकऱ्याचा जुना क्रम. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेल्या भाई कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या त्या हा फास सोडविण्यासाठी. आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या त्याही त्याचसाठी.

ज्ञानाच्या क्षेत्रातील आजचा व्यवहार याहून वेगळा नाही. संशोधकाचा पगार बहुधा सरकारी तिजोरीतून होतो, लेख तपासणारे प्राध्यापक मोबदला घेत नाहीत; आणि तयार झालेला लेख मूठभर प्रकाशनसंस्था त्याच विद्यापीठांना जबर वर्गणी आकारून परत विकतात. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार नियतकालिकांसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपयांची ही तरतूद आहे. सुमारे ६,३०० सरकारी संस्थांतील विद्यार्थी-अध्यापकांची सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पहिल्या टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांना स्थान नाही. कडावचा भातशेतकरी किंवा कातकरी वाडीवरचा पदवीधर तरुण कर भरताना नागरिक असतो. वाचताना मात्र परका ठरतो.

दुसरा मार्ग नाही असे नव्हे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने स्वामित्वहक्काची मुदत संपलेली दुर्मिळ पुस्तके संगणकावर आणून सर्वांना विनामूल्य खुली केली. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. हे काम केवळ यंत्राचे नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे लोटली की नाही हे पाहणे, जीर्ण पाने जपून उलगडणे, शोधणाऱ्याला सापडेल अशी नोंद करणे, हे सारे ग्रंथपालाचे श्रम होत. हातोहाती फोन आल्यामुळे ग्रंथपाल निरुपयोगी झाला, असे म्हणणाऱ्यांना हे श्रम दिसत नाहीत. खुल्या साहित्यापर्यंत वाचकाला नेणारा माणूस नसेल, तर उघडे दारही बंदच राहते.

आणि या माणसाची अवस्था काय? १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. पण अनुदानित ग्रंथालयाचा सेवक वेतनश्रेणीविना अनुदानाच्या तुकड्यावर राबतो. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली. वेतनश्रेणीची मागणी मात्र तशीच राहिली. प्रकाशकांसाठी हजारो कोटी आणि ग्रंथपालासाठी टंचाई, ही केवळ पैशाची अडचण नसून राज्यकर्त्यांच्या अग्रक्रमाची कबुली आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांना खुले असावे. केंद्राच्या योजनेत गावचे ग्रंथालय यावे. ग्रंथपालास वेतनश्रेणी मिळावी. धान्यकोठी सरकारने काढून दिली नव्हती. ती कार्यकर्त्यांनी उभारली होती. ज्ञानाच्या कोठीचे कामही गावच्या ग्रंथालयापासूनच सुरू करावे लागेल.