एसएमपीएस ‘फ्री’ मिळतोय म्हणून घेऊ नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी गेमिंग कॉम्प्युटरचा हट्ट सुरू होतो. आमच्याकडे यंदा नातवाचा आहे. मुलांनी किती वेळ खेळावे हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी लिहीन. पण घ्यायचाच ठरला असेल, तर दुकानदाराचे कोटेशन घरातल्या बाईने एकदा नीट वाचावे असे माझे मत आहे. मी कॉमर्सची, इंजिनीअर नाही. तरी पैसा कुठे नको तिथे वाचवलाय, हे आपल्याला चटकन कळते.

बहुतेक वेळा तो एसएमपीएसवर वाचवलेला असतो. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला लोखंडी डबा. भिंतीतली 230 व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्टने वाटून देतो. मुलांचे लक्ष ग्राफिक कार्डावर आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर. हा डबा कोणाला दिसत नाही, म्हणून तो ‘कॅबिनेटसोबत फ्री’. पण प्रत्येक महाग वस्तूला वीज जाते ती याच्यातूनच. हलका डबा जातो तेव्हा कधी कधी मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्डही सोबत घेऊन जातो. मग दोन-तीन हजार वाचवून काय मिळवले?

“यावरही 650 वॅट लिहिलंय, त्यावरही 650. मग दुप्पट पैसे कशाला?” हा प्रश्न घरात येणारच. त्यासाठी डब्यावरचे लेबल वाचा. आजच्या कॉम्प्युटरला मुख्य वीज 12 व्होल्टच्या लाइनवर लागते. तिथे लिहिलेल्या अँपिअरला 12 ने गुणा. 54 अँपिअर असतील तर 648 वॅट झाले, म्हणजे आकडा खरा. गुणाकार जर चारशेच्या आसपासच येत असेल, तर बाकीचे वॅट नुसते कागदावरचे.

आणि उगाच हजार वॅटचाही घेऊ नये. आरटीएक्स 4060 कार्ड 115 वॅट घेते आणि त्यासाठी एनव्हिडिया 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते. आरटीएक्स 4070 घेते 200 वॅट, त्याला 650 पुरतो. खेळ रंगात आला की कार्ड क्षणभर जास्त वीज ओढते, त्यासाठीची जागा यात धरलेली असते.

आता ‘80 प्लस गोल्ड’विषयी. हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, साखळीची कडी घट्ट आहे की नाही ते सांगत नाही, तसेच हे. 2021 मध्ये गिगाबाइटच्या पी750जीएम आणि पी850जीएम या दोन मॉडेलांची बरीच चर्चा झाली होती. गेमर्स नेक्सस या चाचणी करणाऱ्या मंडळींनी भार वाढवून पाहिला, तेव्हा त्यातले काही धडाक्याने फुटले. नंतर कंपनीने जादा भाराला बंद पडण्याची मर्यादा 120-150 टक्क्यांवरून 110-120 टक्क्यांवर आणली आणि ठरावीक सिरियल नंबरचे नग बदलून देऊ केले. दोन्ही मॉडेलांवर गोल्डचा शिक्का होता!

शिक्क्याचा फायदा बिलात मात्र होतो. आतल्या भागांना 300 वॅट लागत असतील, तर 80 टक्केवाला भिंतीतून 375 वॅट ओढतो आणि 90 टक्केवाला सुमारे 333. रोज 4 तास धरले तर वर्षाला साधारण 60 युनिट वाचतात. युनिटला 10 रुपये धरा, सहाशे रुपये झाले.

माझा भर वॉरंटीवर. चांगल्या एसएमपीएसला 5, 7, कधी 10 वर्षांचीही वॉरंटी मिळते. जी कंपनी एवढी वर्षे बांधून घेते, तिला आपल्या मालाचा भरवसा असतो. त्याच मॉडेलची स्वतंत्र चाचणी झाली आहे का, हे नेटवर बघायचे काम नातवाला द्या. हट्ट त्याचा, मग अभ्यासही त्याने करावा.

घरचे काम आपले. त्या प्लगला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. लाइट जात असेल आणि यूपीएस घेणार असाल, तर प्युअर साइन वेव्हचा मागा, कारण चौकोनी लहरीच्या यूपीएसवर काही चांगले एसएमपीएस अचानक बंद पडतात. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला लावू देऊ नका, टोक बसले तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. आणि डबा घरी कोणीही उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

बजेट ताणले जात असेल तर रंगीत पंखे कमी करा. ते पुढच्या दिवाळीला घेता येतील.