पत्ता न सापडणारे संकेतस्थळ

महिन्याची २० तारीख जवळ येते, जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे असते आणि संगणकाच्या पडद्यावर ‘सर्व्हरचा पत्ता सापडला नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते. राउटरचा दिवा मात्र हिरवाच! अशा वेळी पुष्कळदा दोष जोडणीचा नसून ‘डीएनएस’चा असतो.

खातेवहीच्या अनुक्रमणिकेत नाव पाहून आपण खातेपान काढतो. डीएनएसचे काम तेच. संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात, नावे आपल्या सोयीसाठी. पूर्वी साऱ्या नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. ती अपुरी पडू लागली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी हे काम अनेक सर्व्हरांत विभागणारी आजची पद्धत आखली.

प्रथम इतर दोन-तीन संकेतस्थळे उघडून पाहावीत. ती उघडली, तर दोष बहुधा त्या एका स्थळाचाच. अखेरच्या दिवशी ते नवलही नव्हे. काहीच उघडत नसेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ लिहून पुढे ८.८.८.८ हा पत्ता द्यावा. आकड्याला उत्तर मिळते, नावाला मिळत नाही, म्हणजे निदान झाले. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करावा. तरीही अडले, तर ‘आयपीकॉन्फिग’, जागा सोडून तिरपी रेघ व तिला जोडून ‘फ्लशडीएनएस’ अशी आज्ञा द्यावी. साठवलेले जुने पत्ते पुसले जातात. शेवटचा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ नोंदविणे.

मात्र तेथे अनोळखी आकडा आधीच नोंदलेला दिसला, तर चौकशी करावी. ‘डीएनएसचेंजर’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लक्षावधी संगणकांची हीच नोंद बदलली होती. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. त्यांच्या सर्व्हरांच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर बसविण्यात आले आणि ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले.

रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नावांकडे वळण्यास सांगितले होते. सोय उत्तम, परंतु अनुक्रमणिकाच बदललेली असेल, तर अचूक नाव लिहूनही माणूस भलत्या पेढीवर पोहोचतो. तेव्हा बँकेच्या पानावर ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला, तर पुढे जाऊ नये. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलून घ्यावा, आणि नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून गल्ल्याशेजारी चिकटवू नये.