तिथीची पाऊणपट

पनवेलच्या कुठल्याही मोठ्या चौकात उभं राहिलं की शाळाप्रवेशाचे फलक दिसतात. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, सगळीकडे चित्र एकच: भिंतभर पडदा, त्यापुढे टाळ्या वाजवणारी मुलं आणि खाली हसत-खेळत शिक्षणाचं आश्वासन. सरकारनेही २०२४मध्ये 'आनंददायी शनिवार' आणला. मुलांनी शाळेत आनंदाने यावं म्हणून एवढा विचार होतो आहे, याचं मला मनापासून बरं वाटतं. मी याच गावात सातवी-आठवीला गणित शिकवत निवृत्त झाले. छडीच्या भीतीने पाढे म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत आणि ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण तास रंगला म्हणजे मूल शिकलं, ही समजूत आता पालकांमध्ये आणि शिक्षकांमध्येही रुजत चालली आहे, आणि ती मुलांचं नुकसान करते आहे. मी तास जोखते तो वेगळ्या रीतीने. त्या तासात मुलाला स्वतःचं उत्तर पणाला लावावं लागलं का? आणि ते बरोबर की चूक, हे बाईंच्या चेहऱ्याकडे न बघता त्याला कळलं का?

असा तास मला सापडला तो आमच्या खाडीमुळे. वर्गात कोळीवाड्यातली मुलं होती, आसपासच्या आगरी गावांतली होती, आणि घाटावरून किंवा पार उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांतली, समुद्र फक्त पुलावरून बघितलेली मुलंही होती. विषय होता अपूर्णांकांचा गुणाकार. तीन चतुर्थांशाने गुणा म्हटलं की वर्गाच्या चेहऱ्यावर जो कंटाळा पसरतो तो प्रत्येक गणिताच्या शिक्षकाला ठाऊक आहे. मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचा हा जुना हिशेब. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. नवमीला नऊ पाऊणे पावणेसात. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसात दोन भरत्या येतात, म्हणून पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन असं दोन्ही धरायचं, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कोळीवाड्यातला एक मुलगा लगेच उठून म्हणाला, "बाई, माजा बापूस घड्याल नाय बघत, तिथ बघतो." एरवी गणिताच्या तासाला तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा. त्या दिवशी सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघत होता.

मी सगळ्यांना पुढच्या पंधरा दिवसांच्या भरतीच्या वेळा काढून पेनाने लिहायला सांगितल्या. पेनाने यासाठी, की नंतर खोडता येऊ नयेत. मग शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही गाढी नदीच्या मुखाकडच्या पुलावर गेलो. पुलाच्या कठड्यापाशी उभं राहून खांबावरची ओल बघायची, ती चढते आहे तोवर भरती चालू. पाण्यावर तरंगणारं एखादं पान बघायचं, ते गावाच्या दिशेने येतं की खाडीकडे जातं. मुलांनी काढलेली वेळ झाली आणि पाणी चढतच राहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तरी चढतंच. वर्गात कधीही न भांडलेली मुलं तिथे तावातावाने भांडली. गणित चुकलं की पाणी? कुणी म्हणालं, घड्याळ पुढे आहे. कुणी म्हणालं, तिथी सकाळीच बदलली असेल. कोळ्याच्या पोराने सांगितलं की बंदरावरची भरती इथपर्यंत आत यायला वेळ लागतो, सगळी खाडी भरायची असते. दुसऱ्या दिवशी मुलांनी मुंबई बंदराचं भरतीचं छापील वेळापत्रक मिळवलं आणि स्वतःच्या वहीशेजारी ठेवलं.

पण खरी गंमत वहीतच होती आणि ती एका अबोल मुलीला दिसली. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. रोज पंचेचाळीस मिनिटांनी पुढे जाणारी भरती त्या एका रात्रीत एकदम दीड तास पुढे कशी जाईल? तिने हे विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही. मला माहीत होतं, पण दिलं नाही. बराच वेळ वर्गात कुजबुज चालली, मग तीच फळ्यापाशी आली. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, कारण पंधरवड्याने तीच वेळ पुन्हा येते. बारा तासांची सातशे वीस मिनिटं, भागिले पंधरा, अठ्ठेचाळीस. म्हणजे पाऊणकीचा हिशेब रोज तीन मिनिटं कमी धरतो आणि पंधरा तिथींत ती तूट पंचेचाळीस मिनिटांवर जाते. दीड तासाची उडी तिथून आली.

मग वाडवडील पाऊणपट का म्हणत? याचं उत्तरही मुलांनीच काढलं. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे तासाचे चार पंचमांश, आणि चार पंचमांशाचा पाढा कुणाच्याच घरात नव्हता. पाऊणकी घराघरात पाठ होती. होडी पाण्यात लोटायला अर्ध्या तासाचा फरक चालतो, तोंडी हिशेब चुकला तर मात्र चालत नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या उपयोगी पडलं. तिथी, चंद्र, घड्याळ आणि अपूर्णांक एकाच वहीत आले.

मुलांनी घरी हे सांगितल्यावर पालकांकडून दुसरीच गोष्ट परत आली. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे गाढीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं. दुपारी चारच्या सुमाराला मोठी भरती होती. वरून नदी फुगलेली आणि खालून खाडी भरलेली, पाण्याला जायला वाटच नव्हती. ज्यांनी ती रात्र माळ्यावर काढली त्यांच्या मुलांना आता भरतीची वेळ तोंडी काढता येत होती. या गणिताचा आपल्या गावाशी काय संबंध, असं त्यानंतर कुणी विचारलं नाही.

आसपासच्या जगण्यातून शिकवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली, जिथे गुरं तिथे शाळा. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम उभा केला. तिथे मुलं वेल्डिंग करतात, शेती करतात, मोजमाप घेतात आणि त्यातून विज्ञान शिकतात. पनवेलहून हार्बर लोकलने मानखुर्दला उतरलं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी केलेली विज्ञानाची पुस्तकं प्रश्न विचारतात आणि उत्तर शोधायला मुलाला बाहेर पाठवतात. या सगळ्यांनी मुलांना आनंद दिलाच, पण काहीतरी अवघड हातात देऊन दिला. पडद्यापुढे टाळ्या वाजवणारं मूल आणि भागाकाराने भरती पकडणारं मूल, दोघंही खूश असतात. महिन्याभराने दोघांना तोच प्रश्न विचारून बघा.

इथे एक अडचण आहे आणि ती शिक्षकांनी पालकांना आधीच सांगायला हवी. खरं शिकताना मुलाला अनेकदा आपण कमी शिकतो आहोत असं वाटतं. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. गटांत डोकं खाजवत प्रश्न सोडवणाऱ्यांना कमी शिकल्यासारखं वाटलं. परीक्षेत दुसरा गट पुढे होता. म्हणून "मजा आली का?" एवढंच विचारून शाळेला गुण देऊ नका. "आज कशावर अडलास?" हेही विचारा.

हीच फसगत घरच्या अभ्यासातही होते. निवृत्तीनंतर संध्याकाळी शेजारची मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसतात. त्यांची पुस्तकं पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रेघांनी भरलेली असतात. धडा चार वेळा वाचून झालेला असतो आणि पुस्तक मिटलं की दोन ओळी सांगता येत नाहीत. त्यांना वाटतं, बुद्धी कमी आहे. बुद्धीला काही झालेलं नसतं, अभ्यासाची रीत चुकलेली असते. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये याची चाचणी घेतली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुढच्या वेळी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के मजकूर आठवत होता आणि नुसतं वाचणाऱ्यांना ४० टक्के.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा व्हायचा. शुभंकरोति, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी. पुस्तक समोर नसायचं, रोज थोडं थोडं, जन्मभर पुरेल असं. त्यात आठवण्याचा व्यायाम होता, एवढं त्याचं श्रेय मी मान्य करते. पण सुरात सगळ्यांबरोबर ओठ हलवून निभावून नेणारी मुलंही त्यातच होती. म्हणून मी मुलांना पाढा ओळीने म्हणायला लावत नाही. अकरा पाऊणे? सहा पाऊणे? तेरा? असं मधूनच विचारते. इतिहासाचा धडा असेल तर वाचून झाल्यावर पुस्तक माझ्याकडे येतं आणि मुलाकडे एक कोरा कागद जातो. त्यावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. शिरढोणच्या वासुदेव बळवंतांवरची टीप पाठ करणारा मुलगा या रीतीने ती टीप स्वतःच्या शब्दांत सांगायला लागला. शिरढोण इथून किती जवळ आहे हेही त्याला कळलं, कारण राहिलेली जागा भरताना त्याने नकाशा काढला.

खाडीसारख्या पाठाबद्दल सांगितलं की अभ्यासक्रम कधी संपणार, असं प्रत्येक वेळी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, विशेषतः साठ मुलांच्या वर्गात एकट्या उभ्या असलेल्या शिक्षकासाठी. निवडणुकीची कामं, माहितीचे तक्ते, ॲपवरच्या नोंदी यांतून त्याला तास बेतायला वेळ मिळत नाही, आणि तास बेतणं हेच या कामातलं सर्वांत कठीण आहे. खाडीच्या एका पाठात अपूर्णांक, आलेख, कालमापन आणि चंद्राच्या कला एकत्र शिकवून झाल्या, म्हणजे उलट तासच वाचले. मात्र तो पाठ सुचायला, खाडीची वेळ जुळवायला, मुलांना कठड्यापाशी सुरक्षितपणे उभं करायला शिक्षकाच्या हातात मोकळा वेळ लागतो. शिक्षण विभागाने तो द्यावा. पडद्यांसाठी निघणाऱ्या पैशांतला थोडा भाग शिक्षकांनी एकत्र बसून पाठ रचण्यावर खर्च झाला तर मुलांच्या पदरात कितीतरी जास्त पडेल.

 पनवेल महापालिकेकडे माझं मागणं अगदी छोटं आहे. गाढीच्या पुलाच्या एका खांबावर तळापासून वरपर्यंत मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवावी, काठावरून सहज वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. जवळच्या शाळांतल्या मुलांनी रोज पाण्याची पातळी नोंदवावी आणि ती नोंद गावाला दिसेल अशी लावावी. पावसाळ्यात ती महापालिकेच्याही उपयोगी पडेल. सर्वांत खालच्या खुणा रंगवायला पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या ओहोटीला पाण्याजवळ उतरावं लागेल, आणि रंगारी किती वाजता बोलवायचा हे आठवीची मुलं सांगतील.